बागुलबुवाचे राजकारण आणि युद्धचर्चेचा शीण

विशेष प्रतिनिधी

इराकवरील आक्रमणापूर्वी अमेरिकी जनतेला भय दाखवून चर्चा आटोपती घेण्यात आली. आक्रमणानंतर तीच चर्चा इतकी लांबली, की जनतेने तिच्याकडे पाठ फिरवली. २००२ ते २००८ या काळातील या दोन्ही अवस्थांचा आणि त्यांच्या परिणामांचा हा मागोवा.

लोकशाही राष्ट्राला युद्ध पुकारायचे असेल, तर सैन्याइतकीच लोकांच्या संमतीचीही गरज असते. ही संमती मिळवण्यासाठी संकटाचे चित्र लोकांपुढे उभे करावे लागते. संकट खरे असेल तर त्यात वावगे काही नाही. किंबहुना ते वेळीच सांगणे हे सरकारचे कर्तव्यच ठरते. परंतु संकट किती मोठे, किती जवळचे आणि त्याविषयीची माहिती कितपत खात्रीची, हे तिन्ही प्रश्न बाजूला सारून केवळ भय पसरवले जाते, तेव्हा तो बागुलबुवा ठरतो. लहान मुलाला झोपवण्यासाठी दाखवलेल्या बागुलबुवाचा परिणाम रात्रीपुरता टिकतो. राष्ट्राला दाखवलेल्या बागुलबुवाची किंमत मात्र पिढ्यांना मोजावी लागते.

इराक युद्ध हे याचे अलीकडच्या इतिहासातील सर्वाधिक अभ्यासले गेलेले उदाहरण आहे. अमेरिकी सिनेटच्या समित्या, ब्रिटनमधील चिल्कॉट चौकशी समिती, युद्धोत्तर शोधपथकांचे अहवाल आणि खुद्द त्या काळातील मंत्र्यांची नंतरची वक्तव्ये यांमुळे कोणी, केव्हा, काय सांगितले आणि त्यातले किती खरे निघाले, याचा तपशील आज उपलब्ध आहे. या तपशिलातून एक गोष्ट ठळकपणे पुढे येते. युद्धापूर्वीची भीती आणि युद्ध सुरू झाल्यानंतरचा शीण या वरवर पाहता परस्परविरोधी अवस्था आहेत. पण दोहोंचा परिणाम एकच झाला. युद्धाचा निर्णय मूठभरांच्या हाती राहिला.

जुनी परंपरा

भयाचे राजकारण धाकट्या बुश यांच्या कारकिर्दीत जन्माला आले, असे मानण्याचे कारण नाही. फेब्रुवारी १९५० मध्ये सिनेटर जोसेफ मॅकार्थी यांनी परराष्ट्र खात्यात कम्युनिस्ट शिरल्याचा आरोप केला आणि पुढील चार वर्षे अमेरिकेत संशयाचे थैमान घातले. सप्टेंबर १९६४ मध्ये अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या प्रचारासाठी एक जाहिरात दूरचित्रवाणीवर दाखवण्यात आली. फुलाच्या पाकळ्या मोजणारी चिमुरडी आणि पाठोपाठ अणुस्फोट, असे तिचे स्वरूप होते. ती पैसे मोजून एकदाच प्रसारित झाली. पण प्रतिस्पर्धी बॅरी गोल्डवॉटर निवडून आले तर अणुयुद्ध होईल, ही भीती पेरण्यास तेवढे पुरेसे ठरले.

त्याच वर्षीच्या ऑगस्टमधील टोंकिनच्या आखाताचे प्रकरण अधिक गंभीर होते. उत्तर व्हिएतनामने अमेरिकी युद्धनौकांवर दोनदा हल्ला केल्याचे सांगून जॉन्सन यांनी काँग्रेसकडून लष्करी कारवाईचे अधिकार मागितले. प्रतिनिधीगृहात ४१६ विरुद्ध ०, तर सिनेटमध्ये ८८ विरुद्ध २ मतांनी ते त्यांना मिळाले. त्यातील ४ ऑगस्टचा दुसरा हल्ला झालाच नव्हता, हे दाखवणारी गुप्त कागदपत्रे २००५ मध्ये खुली झाली. तोवर व्हिएतनाममध्ये ५८ हजारांहून अधिक अमेरिकी सैनिक आणि लाखो व्हिएतनामी मरण पावून तीन दशके उलटली होती.

पहिल्या आखाती युद्धापूर्वीही असाच प्रकार घडला. इराकी सैनिकांनी कुवेतच्या रुग्णालयातील अर्भकांना काचपेटीतून बाहेर काढून मरण्यासाठी टाकून दिल्याची साक्ष ऑक्टोबर १९९० मध्ये एका कुवेती मुलीने दिली. ती मुलगी कुवेतच्या अमेरिकेतील राजदूतांची कन्या होती आणि तिच्या साक्षीमागे एक जनसंपर्क कंपनी होती, हे युद्ध संपल्यानंतर १९९२ मध्ये उजेडात आले. सद्दाम हुसेन यांनी कुवेतवर आक्रमण केले होते आणि तेथे अत्याचारही झाले होते, याविषयी दुमत नाही. परंतु खऱ्या अपराधाला खोट्या पुराव्याची जोड दिली, की पुढे खऱ्यावरही विश्वास बसेनासा होतो.

पाच रंगांचा इशारा

११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्क, वॉशिंग्टन व पेनसिल्व्हानिया येथे सुमारे तीन हजार लोक मारले गेले. या हल्ल्यानंतरची भीती कोणी निर्माण केलेली नव्हती. ती स्वाभाविक होती. प्रश्न निर्माण झाला तो या भीतीचा पुढे वापर कसा झाला, याविषयी.

मार्च २००२ मध्ये अमेरिकी सरकारने दहशतवादी हल्ल्याच्या शक्यतेची पातळी दर्शवणारी रंगांची पद्धत सुरू केली. हिरवा, निळा, पिवळा, नारिंगी आणि लाल असे चढत्या क्रमाने पाच रंग ठरले. प्रत्यक्षात ही पद्धत एप्रिल २०११ मध्ये बंद होईपर्यंत देशाची पातळी एकदाही पिवळ्याच्या खाली आली नाही. हिरवा आणि निळा हे रंग केवळ तक्त्यावरच राहिले. सतत 'सावध राहा' म्हणायचे. पण कशापासून आणि कसे, हे सांगायचे नाही, अशी ही पद्धत असल्याची टीका झाली.

फेब्रुवारी २००३ मध्ये पातळी नारिंगी झाली. रासायनिक हल्ल्यापासून बचावासाठी घरात प्लास्टिकचे कापड आणि चिकटपट्टी ठेवावी, असा सल्ला सरकारी अधिकाऱ्यांनी दिला आणि अनेक शहरांतील दुकानांत या वस्तूंचा खडखडाट झाला. ऑगस्ट २००४ मध्ये, डेमोक्रॅटिक पक्षाचे अधिवेशन संपल्यानंतर तीनच दिवसांनी, न्यूयॉर्क, न्यूजर्सी व वॉशिंग्टनमधील वित्तसंस्थांसाठी इशारा जारी झाला. ज्या माहितीवर तो बेतला होता, तिच्यातील बरीचशी तीन-चार वर्षांपूर्वीची असल्याचे दोन दिवसांतच स्पष्ट झाले. ऑक्टोबर २००४ मध्ये, अध्यक्षपदाच्या निवडणुकीच्या तोंडावर, इशाऱ्याची पातळी वाढवावी असा आग्रह काही ज्येष्ठ सहकाऱ्यांनी धरला होता आणि त्यामागे राजकारण असावे अशी शंका आपल्या मनात आली होती, असे तत्कालीन अंतर्गत सुरक्षामंत्री टॉम रिज यांनी २००९ मध्ये लिहिले. ती पातळी वाढवली गेली नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे. पुढे रिज यांनी आपल्या लेखनातील धार काहीशी कमी केली.

'ऑगस्टात नवा माल आणत नाहीत'

जानेवारी २००२ मधील वार्षिक भाषणात अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी इराक, इराण आणि उत्तर कोरिया यांना 'अ‍ॅक्सिस ऑफ ईव्हिल' म्हणजे दुष्टांची आघाडी ठरवले. प्रत्यक्ष प्रचाराला मात्र वेग आला तो ऑगस्टअखेरीस. इराकविरोधी मोहिमेचा समन्वय साधण्यासाठी व्हाईट हाऊसमध्ये स्वतंत्र गट स्थापन झाला होता. मोहीम सप्टेंबरातच का, या प्रश्नावर व्हाईट हाऊसचे प्रमुख अधिकारी अँड्र्यू कार्ड यांनी 'न्यूयॉर्क टाइम्स'ला दिलेले उत्तर प्रसिद्ध आहे. विपणनाच्या दृष्टीने पाहता ऑगस्टमध्ये कोणी नवा माल बाजारात आणत नाही, असे ते म्हणाले. युद्धाचा निर्णय हा 'माल' असल्याची ही अनवधानाने दिलेली कबुलीच होती.

२६ ऑगस्ट २००२ रोजी उपाध्यक्ष डिक चेनी यांनी नॅशव्हिल येथे माजी सैनिकांपुढे बोलताना सद्दाम यांच्याकडे सर्वसंहारक अस्त्रे आहेत यात शंकाच नाही, असे ठामपणे सांगितले. ८ सप्टेंबरच्या घटनाक्रमातून या मोहिमेची पद्धत लक्षात येते. त्या दिवशी सकाळी 'न्यूयॉर्क टाइम्स'ने सरकारी सूत्रांच्या हवाल्याने बातमी दिली, की इराक अण्वस्त्रांसाठी लागणाऱ्या विशिष्ट अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या मिळवण्याच्या प्रयत्नात आहे. त्याच दिवशी चेनी यांनी दूरचित्रवाणीवर याच बातमीचा आधार दिला. म्हणजे सरकारने वृत्तपत्राला माहिती पुरवली आणि वृत्तपत्राचा दाखला देऊन तीच माहिती लोकांना ऐकवली. राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार कॉन्डोलिझा राईस दुसऱ्या वाहिनीवर म्हणाल्या, की पुरावा अणुस्फोटाच्या छत्रीच्या रूपाने मिळावा, अशी आमची इच्छा नाही. महिन्याभराने, ७ ऑक्टोबर रोजी सिनसिनाटी येथील भाषणात खुद्द बुश यांनी हीच प्रतिमा वापरली.

या वाक्याची रचना बारकाईने पाहण्याजोगी आहे. पुरावा मागणारा प्रत्येक माणूस त्यामुळे अणुहल्ल्याची वाट पाहणारा ठरतो. 'पुरावा दाखवा' या साध्या मागणीलाच बेजबाबदारपणाचा रंग चढतो. इराक युद्धाच्या प्रचाराचे यश प्रामुख्याने या युक्तिवादात होते.

त्या नळ्या अण्वस्त्रांसाठी योग्य नाहीत, त्या साध्या अग्निबाणांसाठी असाव्यात, असे अमेरिकेच्याच ऊर्जा खात्यातील तज्ज्ञांचे मत होते. परराष्ट्र खात्याच्या गुप्तवार्ता विभागानेही लेखी असहमती नोंदवली होती. हे मतभेद गोपनीय कागदपत्रांत राहिले. जनतेपर्यंत पोहोचली ती केवळ खात्री.

निवडणूक आणि मतदान

काँग्रेसच्या मध्यावधी निवडणुका ५ नोव्हेंबर २००२ रोजी होत्या. इराकविरुद्ध बळाचा वापर करण्याचा अधिकार अध्यक्षांना देणारा ठराव त्याआधी महिनाभरही शिल्लक नसताना मतास टाकण्यात आला. १० ऑक्टोबर रोजी प्रतिनिधीगृहात २९६ विरुद्ध १३३ आणि मध्यरात्रीनंतर सिनेटमध्ये ७७ विरुद्ध २३ मतांनी तो संमत झाला. गुप्तचर संस्थांचा सविस्तर अंदाज सदस्यांना उपलब्ध करण्यात आला होता. तथापि मोजक्याच सिनेटरांनी तो सारांशापलीकडे वाचला होता, असे नंतर प्रसिद्ध झाले. ठरावाच्या बाजूने मत देणाऱ्यांत जॉन केरी, हिलरी क्लिंटन आणि जो बायडेन हे डेमोक्रॅटिक नेतेही होते.

विरोध करणाऱ्यांना काय भोगावे लागू शकते, याचे प्रात्यक्षिक जॉर्जिया राज्यात दिसले. तेथील सिनेटर मॅक्स क्लेलंड यांनी व्हिएतनाम युद्धात दोन्ही पाय आणि एक हात गमावला होता. इराक ठरावाला त्यांनी पाठिंबाही दिला होता. तरीही अंतर्गत सुरक्षा खात्याच्या विधेयकातील कामगारविषयक तरतुदींवरून त्यांनी घेतलेल्या भूमिकेचे भांडवल करण्यात आले. ओसामा बिन लादेन व सद्दाम हुसेन यांच्या छायाचित्रांसह जाहिरात करून त्यांच्या देशनिष्ठेबद्दल शंका निर्माण केली गेली. क्लेलंड पराभूत झाले. देहाचे तीन अवयव देशासाठी देणाऱ्याची ही गत होते, तर इतरांचे काय, हा संदेश इतर लोकप्रतिनिधींना मिळायचा तो मिळाला.

१२ फेब्रुवारी २००३ रोजी वयोवृद्ध सिनेटर रॉबर्ट बर्ड यांनी सिनेटमध्ये भाषण केले. राष्ट्र युद्धाच्या उंबरठ्यावर असताना हे सभागृह भयावह शांत आहे. येथे ना वाद आहे, ना चर्चा, अशी त्यांची खंत होती. त्यानंतर तीनच दिवसांनी, १५ फेब्रुवारीला, जगभरातील शेकडो शहरांत लाखोंच्या संख्येने लोक युद्धाविरुद्ध रस्त्यावर उतरले. चर्चा रस्त्यावर होती. ती जेथे व्हावयास हवी होती, त्या सभागृहात नव्हती. मार्चमध्ये फ्रान्सच्या विरोधाचा निषेध म्हणून प्रतिनिधीगृहाच्या उपाहारगृहांतील 'फ्रेंच फ्राईज'चे नाव बदलून 'फ्रीडम फ्राईज' करण्यात आले. युद्धाच्या चर्चेचा दर्जा कोठवर घसरला होता, हे त्यावरून कळते.

पुराव्यांचे पुढे काय झाले?

परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी ५ फेब्रुवारी २००३ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाच्या सुरक्षा परिषदेपुढे सुमारे सव्वा तास केलेले निवेदन हा प्रचाराचा कळस होता. अ‍ॅन्थ्रॅक्सचे प्रमाण किती प्राणघातक असते, हे दाखवण्यासाठी त्यांनी हातात धरलेली छोटी कुपी जगभर दूरचित्रवाणीवर दिसली. इराकमध्ये जैविक अस्त्रांच्या फिरत्या प्रयोगशाळा आहेत, हा त्यांचा दावा मुख्यतः 'कर्व्हबॉल' या सांकेतिक नावाच्या एका इराकी निर्वासिताच्या माहितीवर आधारलेला होता. तो जर्मन गुप्तचरांच्या ताब्यात होता आणि अमेरिकी अधिकाऱ्यांनी त्याची थेट चौकशी केली नव्हती. ही माहिती आपण रचून सांगितली, असे त्याने २०११ मध्ये मान्य केले.

जानेवारीच्या वार्षिक भाषणात बुश यांनी इराकने आफ्रिकेतून युरेनियम मिळवण्याचा प्रयत्न केल्याचे सांगितले होते. नायजरसंबंधीची ती कागदपत्रे बनावट आहेत, असे आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे प्रमुख महंमद अल बरादेई यांनी ७ मार्च रोजी, म्हणजे युद्धापूर्वीच, सुरक्षा परिषदेला कळवले. शस्त्रनिरीक्षकांचे प्रमुख हॅन्स ब्लिक्स यांनी आणखी काही महिने मागितले. ते मिळाले नाहीत. २० मार्च २००३ रोजी युद्ध सुरू झाले.

बगदाद ९ एप्रिलला पडले. १ मे रोजी बुश यांनी विमानवाहू नौकेवरून मोठी लढाई संपल्याची घोषणा केली. अस्त्रे मात्र सापडली नाहीत. शोधपथकाचे प्रमुख डेव्हिड के यांनी जानेवारी २००४ मध्ये, आपण जवळजवळ सर्वच जण चुकलो होतो, असे सिनेट समितीला सांगितले. त्यांच्यानंतर आलेल्या चार्ल्स ड्युल्फर यांच्या अहवालाने अस्त्रांचे साठे युद्धापूर्वीच नष्ट झाले होते, असा निष्कर्ष काढला. सद्दाम व अल कायदा यांच्यात प्रत्यक्ष कारवाईसाठी सहकार्य असल्याचा पुरावा ११ सप्टेंबरच्या हल्ल्याची चौकशी करणाऱ्या आयोगालाही मिळाला नाही. पॉवेल यांनी २००५ मध्ये सुरक्षा परिषदेतील आपले निवेदन हा कारकिर्दीवरील डाग असल्याचे मान्य केले. साप म्हणून भुई धोपटल्याचे सिद्ध झाले होते. पण तोवर भुईवर हजारो माणसे मेली होती.

प्रचाराचा ठसा मात्र सहज पुसला जात नाही. ऑगस्ट २००३ मध्ये 'वॉशिंग्टन पोस्ट'ने केलेल्या पाहणीत ६९ टक्के अमेरिकनांनी ११ सप्टेंबरच्या हल्ल्यात सद्दाम यांचा व्यक्तिशः हात असण्याची शक्यता व्यक्त केली. तसा पुरावा नसल्याचे खुद्द बुश यांना सप्टेंबरात सांगावे लागले. थेट आरोप न करता 'सद्दाम' आणि 'अकरा सप्टेंबर' हे शब्द वारंवार शेजारी ठेवल्याने लोकांनी जोडणी आपणहून केली.

या साऱ्यात वृत्तपत्रसृष्टीचाही वाटा होता. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने २६ मे २००४ रोजी वाचकांसाठी निवेदन प्रसिद्ध करून आपले काही वार्तांकन पुरेसे काटेकोर नव्हते, असे कबूल केले. नाइट रिडर या वृत्तसमूहाचे वॉशिंग्टनमधील वार्ताहर युद्धापूर्वीच सरकारी दाव्यांविषयी शंका घेत होते. परंतु राजधानीत त्यांचे स्वतःचे वृत्तपत्र नव्हते आणि त्यांच्या बातम्यांची दखल फारशी कोणी घेतली नाही.

'लांडगा आला रे आला'

२००४ च्या अध्यक्षीय निवडणुकीत रिपब्लिकन पक्षाच्या एका जाहिरातीत जंगलात दबा धरून बसलेले लांडगे दाखवण्यात आले. दुबळेपणा दाखवाल तर ते झडप घालतील, असा तिचा आशय होता. सप्टेंबरमध्ये चेनी यांनी चुकीची निवड केल्यास पुन्हा हल्ला होण्याचा धोका असल्याचे सूचित केले होते.

मतदानोत्तर पाहणीचे आकडे या संदर्भात बोलके आहेत. दहशतवाद हा आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा प्रश्न, असे सांगणाऱ्यांपैकी ८६ टक्क्यांनी बुश यांना मत दिले. इराक हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न मानणाऱ्यांपैकी ७३ टक्क्यांनी केरी यांना. म्हणजे ज्यांच्या डोळ्यांपुढे भीती होती ते एकीकडे गेले. ज्यांच्या डोळ्यांपुढे प्रत्यक्ष युद्ध होते ते दुसरीकडे. बुश पुन्हा निवडून आले.

शीण कसा आला?

युद्धाच्या प्रारंभी दहापैकी सात अमेरिकन त्याचे समर्थन करीत होते. २००५ च्या मध्यापर्यंत हे चित्र पालटले. नोव्हेंबर २००५ मध्ये माजी मरीन अधिकारी आणि लष्कराचे पाठीराखे मानले जाणारे डेमोक्रॅटिक सदस्य जॉन मर्था यांनी सैन्य परत बोलावण्याची मागणी केली, तेव्हा प्रतिनिधीगृहात त्यांच्या दिशेने 'भित्रे पळ काढतात' असा शेरा मारला गेला. नोव्हेंबर २००६ च्या निवडणुकीत मतदारांनी दोन्ही सभागृहे डेमोक्रॅटिक पक्षाकडे सोपवली. दुसऱ्याच दिवशी संरक्षणमंत्री डोनाल्ड रम्सफेल्ड यांच्या राजीनाम्याची घोषणा झाली. युद्ध आता आवरते घेतले जाईल, असा या कौलाचा सर्वसाधारण अर्थ लावला गेला.

घडले ते उलट. १० जानेवारी २००७ रोजी बुश यांनी इराकमध्ये २० हजारांहून अधिक जादा सैनिक धाडण्याची घोषणा केली. ती संख्या पुढे सुमारे ३० हजारांवर गेली. त्यानंतर वॉशिंग्टनमध्ये चर्चेचा जो सिलसिला सुरू झाला, त्याला तोड नाही. फेब्रुवारीत प्रतिनिधीगृहाने सैन्यवाढीस नापसंती दर्शवणारा, पण बंधनकारक नसलेला ठराव २४६ विरुद्ध १८२ मतांनी संमत केला. सिनेटमध्ये तो अडला. सैन्यमाघारीचे वेळापत्रक घालून दिलेले निधी विधेयक बुश यांनी १ मे रोजी नाकारले. ते पुन्हा संमत करण्याइतके दोन तृतीयांश बळ विरोधकांकडे नव्हते. अखेर वेळापत्रकाविनाच निधी मंजूर झाला.

१७ जुलैच्या रात्री सिनेटमध्ये खाटा आणून रात्रभर चर्चा करण्यात आली. सकाळी मतदान झाले तेव्हा माघारीच्या बाजूने ५२ आणि विरोधात ४७ मते पडली. चर्चा थांबवून विधेयक पुढे नेण्यास ६० मते लागत असल्याने बहुमत असूनही प्रस्ताव बारगळला. सप्टेंबरात सेनापती डेव्हिड पेट्रियस यांची दोन दिवस साक्ष झाली. 'मूव्हऑन' या युद्धविरोधी संघटनेने त्यांच्या आडनावावर कोटी करून त्यांना विश्वासघातकी ठरवणारी जाहिरात दिली आणि सिनेटने युद्धाऐवजी त्या जाहिरातीच्या निषेधावर मतदान केले.

सामान्य अमेरिकन नागरिकाने हे सारे पाहिले. त्याने मत दिले होते, पाहणीकर्त्यांना आपले म्हणणे सांगितले होते आणि तरीही काही बदलत नव्हते. सक्तीची सैन्यभरती १९७३ मध्येच संपलेली असल्याने युद्धाचा भार स्वेच्छेने सैन्यात गेलेल्यांच्या कुटुंबांवर होता. खर्चासाठी कर वाढले नाहीत; उलट २००३ मध्ये ते कमी करण्यात आले आणि युद्ध कर्जावर चालले. ज्याची झळ घराला लागत नाही आणि ज्यावर आपल्या मताचा परिणाम होत नाही, अशा विषयाचा कंटाळा येणे यात नवल काही नव्हते.

हा कंटाळा मोजताही येतो. प्यू संशोधन केंद्राच्या पाहणीनुसार जुलै २००७ मध्ये अमेरिकी माध्यमांतील बातम्यांच्या जागेपैकी सरासरी १५ टक्के जागा इराकने व्यापली होती. फेब्रुवारी २००८ मध्ये हे प्रमाण ३ टक्क्यांवर आले. युद्धात किती अमेरिकी सैनिक मृत्युमुखी पडले, हे ऑगस्ट २००७ मध्ये ५४ टक्के लोकांना अचूक सांगता आले होते. मार्च २००८ मध्ये, मृतांचा आकडा चार हजारांच्या घरात असताना, हे प्रमाण २८ टक्क्यांवर घसरले. इराकमधील हिंसाचार त्या सुमारास कमी झाला होता, हे बातम्या घटण्याचे एक कारण होते. परंतु दीड लाखाहून अधिक सैनिक तेथे तैनात असताना देशाचे लक्ष उडाले होते, हेही तितकेच खरे.

त्याच महिन्यात, युद्धाला पाच वर्षे पूर्ण होत असताना, एका मुलाखतीत चेनी यांना विचारण्यात आले, की दोन तृतीयांश अमेरिकनांना हे युद्ध लढण्याजोगे वाटत नाही. त्यावर चेनी यांचा पहिला शब्द होता, 'मग?' युद्धापूर्वी ज्या लोकमताची एवढी मनधरणी झाली, त्याची युद्धकाळातील किंमत या एका शब्दात आली.

शिणाचे राजकीय परिणाम

नोव्हेंबर २००८ मध्ये, प्रारंभापासून युद्धाला विरोध करणारे बराक ओबामा निवडून आले. मात्र मतदानोत्तर पाहणीत अर्थव्यवस्था हा मुख्य प्रश्न मानणारे ६३ टक्के होते, इराक मानणारे अवघे १० टक्के. डिसेंबर २०११ मध्ये अमेरिकी सैन्य इराकमधून बाहेर पडले. तोवर सुमारे साडेचार हजार अमेरिकी सैनिक आणि एक लाखाहून अधिक इराकी नागरिक मरण पावले होते. जून २०१४ मध्ये 'इस्लामिक स्टेट'ने मोसुल जिंकले आणि अमेरिकी सैनिकांना पुन्हा इराकमध्ये जावे लागले.

दुधाने तोंड पोळले, की माणूस ताकही फुंकून पितो. ऑगस्ट २०१३ मध्ये सीरियातील घौटा येथे विषारी वायूने शेकडो लोक मारले गेले. या वेळी घटना खरी होती. सरीन वायूचा वापर झाल्याचे संयुक्त राष्ट्रसंघाच्या तज्ज्ञांनी नंतर निश्चित केले. तरीही २९ ऑगस्ट रोजी ब्रिटिश पार्लमेंटने लष्करी कारवाईचा प्रस्ताव २८५ विरुद्ध २७२ मतांनी फेटाळला आणि चर्चेत इराकचा उल्लेख पुनःपुन्हा झाला. ओबामा यांनी काँग्रेसची संमती मागितली; पण मतदानाची वेळच आली नाही. कारवाई न करण्याचा निर्णय योग्य की अयोग्य, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल. परंतु घौटाच्या पुराव्याची स्वतंत्र छाननी होण्याऐवजी त्याच्यावर इराकची सावली पडली, हे खरे. २०२२ च्या प्रारंभी रशिया युक्रेनवर आक्रमण करणार असल्याचे अमेरिकी गुप्तचर सांगत होते, तेव्हाही अनेकांनी २००३ ची आठवण करून देत अविश्वास दाखवला. २४ फेब्रुवारीला लांडगा खरोखरच आला.

ब्रिटनच्या चिल्कॉट समितीचा अहवाल ६ जुलै २०१६ रोजी प्रसिद्ध झाला. शांततेचे सर्व मार्ग खुंटण्यापूर्वीच युद्धाचा मार्ग पत्करण्यात आला आणि इराकच्या अस्त्रांपासूनचा धोका समर्थनीय नसलेल्या खात्रीने मांडण्यात आला, असे त्यात म्हटले आहे. युद्धाला तेव्हा तेरा वर्षे उलटली होती. या चौकशीला वरातीमागून घोडे म्हणता येईल. पण 'खात्री' या शब्दावर तिने ठेवलेले बोट पुढील प्रत्येक वेळेसाठी मोलाचे आहे.

भारताची भूमिका

आखातातील युद्धाची झळ आपल्याकडे थेट पोहोचते. १९९० मध्ये कुवेतवरील आक्रमणानंतर दीड लाखाहून अधिक भारतीयांना एअर इंडियाच्या विमानांनी प्रामुख्याने अम्मानमार्गे मुंबईत आणावे लागले होते. २००३ मध्ये संसदेने ८ एप्रिल रोजी एकमताने ठराव करून इराकवरील कारवाईबद्दल नापसंती व्यक्त केली. ठरावाच्या हिंदी मसुद्यात 'निंदा' हा शब्द वापरला गेला, तर इंग्रजीत त्याहून सौम्य शब्द होता. त्या एका शब्दावरून बरीच चर्चा रंगली. त्यानंतर अमेरिकेने इराकमध्ये भारतीय सैन्याची एक डिव्हिजन पाठवण्याची विनंती केली. वाजपेयी सरकारने राजकीय पक्षांशी सल्लामसलत केली आणि संयुक्त राष्ट्रसंघाच्या स्पष्ट आदेशाविना सैन्य पाठवता येणार नाही, असा निर्णय १४ जुलै २००३ रोजी जाहीर केला. चर्चा निर्णयापूर्वी झाली, तिला काही आठवडे मिळाले आणि विरोधी मत मांडणाऱ्यांची देशनिष्ठा पणाला लावली गेली नाही. वॉशिंग्टनमधील ऑक्टोबर २००२ शी याची तुलना करण्याजोगी आहे.

युद्धाची चर्चा नागरिकांच्या उपयोगी पडते ती गोळी सुटण्यापूर्वी. धोका किती जवळचा, माहिती कोणाकडून आली, तिच्याशी सरकारातीलच कोणी असहमत आहे काय आणि सैन्य परत कसे येणार, हे चार प्रश्न तेव्हाच विचारायचे असतात. अमेरिकेत ते सभागृहात जोरकसपणे विचारले गेले २००७ मध्ये. तोपर्यंत उत्तरे सर्वांना ठाऊक झाली होती आणि ऐकणारे थकले होते.

चौकट : वादातील परवलीचे शब्द

स्मोकिंग गन : शब्दशः धूर निघत असलेली बंदूक, म्हणजे निर्विवाद पुरावा. राईस यांच्या सप्टेंबर २००२ मधील वक्तव्यामुळे इराकच्या संदर्भात रूढ.

कोअ‍ॅलिशन ऑफ द विलिंग : सुरक्षा परिषदेच्या नव्या ठरावाविना अमेरिकेसोबत युद्धात उतरण्यास राजी झालेल्या देशांचा गट. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया व पोलंड यांचे सैनिक आक्रमणात सहभागी होते.

मिशन अकम्प्लिश्ड : 'कामगिरी फत्ते'. १ मे २००३ रोजी बुश यांच्या भाषणावेळी अब्राहम लिंकन या विमानवाहू नौकेवर झळकलेला फलक. पुढे उपहासाने वापरला जाऊ लागला.

कट अँड रन : मैदान सोडून पळणे. सैन्यमाघारीची मागणी करणाऱ्यांना हिणवण्यासाठी २००५-०६ मध्ये रिपब्लिकन नेत्यांनी वापरलेला शब्दप्रयोग.

सर्ज : २००७ मधील सैन्यवाढ. हे वर्ष इराकमधील अमेरिकी सैनिकांसाठी सर्वाधिक जीवितहानीचे ठरले. वर्षअखेरीस हिंसाचारात मोठी घट झाली.